पाकटाची रीत शिकवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाच्या घोट्यात पाकटाचा, म्हणजे स्टिंग रे या चपट्या माशाचा, शेपटीवरचा विषारी काटा घुसला त्या रात्री आपण जे केलेत, आणि त्यानंतर रात्रीच्या गळाविषयी आम्हा दोघा भावांना हातचे काही न राखता जे शिकवलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. समक्ष आभार मानले असते, तर आपण दोन शब्दांत विषय बदलला असता. शिवाय काळोखात किनाऱ्यावरून पाकटासाठी गळ टाकणाऱ्या इतरांपर्यंतही आपले सांगणे पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

त्या रात्री भोवती जमलेल्यांपैकी कुणी पाय करकचून बांधायला सांगत होते, तर कुणी गार पाणी ओतायला. आपण दोन्ही थांबवलेत, जखम धुऊन फडक्याने दाबून धरलीत आणि रक्त थांबत आल्यावर आमिषाची बादली घासून तीत थर्मासमधले गरम पाणी ओतलेत. भाऊ वेदनेने थरथरत होता, तरी त्याचा पाय पाण्यात घालण्याआधी त्याला दुसऱ्या, धड पायाने पाण्याचा अंदाज घ्यायला लावलेत. कारण ठणकणाऱ्या पायाला चटका कळत नाही आणि विषाची जखम बरी होताना भाजल्याची जखम मागे राहते. पाकटाचे विष प्रथिनांचे असते, ते उष्णतेने निकामी होते, म्हणून पाणी सोसवेल इतके, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंशांचे हवे आणि पाय त्यात अर्धा ते दीड तास राहायला हवा, हे आपण आम्हाला तिथेच, पाणी निवले की पुन्हा गरम करून ओतता ओतता, शांतपणे समजावून सांगितलेत. कळ ओसरली तेव्हा आम्ही घरी निघण्याच्या बेतात होतो. आपण मात्र डॉक्टरांकडेच पाठवलेत. काट्याच्या कडा करवतीसारख्या असल्याने त्याचे तुकडे आणि वरचे विषारी आवरण आत राहू शकते, हे आपले म्हणणे डॉक्टरांनीही उचलून धरले. त्यांनी क्ष-किरण तपासणी केली, जखम पुन्हा स्वच्छ केली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. काटा छातीत, मानेत किंवा पोटात रुतला असेल, तर तो जागेवर उपसून न काढता माणसाला तसेच रुग्णालयात न्यावे, हेही आपण बजावलेत. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध वन्यजीव-कार्यक्रम सादरकर्ते स्टीव्ह आयर्विन यांचा मृत्यू पाकटाचा काटा छातीत लागूनच झाला होता, हे आठवले की त्या सूचनेचे वजन कळते.

पुढे आपण आम्हाला शेजारी उभे करून गळ शिकवलात. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचे नाही, वाळूवरून घासत न्यायचे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट चाहूल लागून आपोआप दूर होतो, हा पहिला धडा होता. लांब फेकीचा हव्यास आपण सोडायला लावलात. काळोख पडल्यावर, चढत्या भरतीबरोबर, पाकट खेकडे, कोळंबी आणि शिंपले शोधत किनाऱ्यालगतच्या खोलगट पट्ट्यात येतो, मग आमिष त्याला ओलांडून पलीकडे कशाला टाकायचे? त्याचे डोळे वरच्या बाजूला आणि तोंड खाली, त्यामुळे तो घास घेतो तो वासावर आणि भक्ष्याच्या शरीरातील सूक्ष्म विद्युत लहरी ओळखणाऱ्या इंद्रियांवर. म्हणून आमिष ताजे, वास सुटणारे, दोऱ्याने गरीला (गळाच्या हुकाला) घट्ट बांधलेले आणि तळाशी स्थिर हवे, हे आपण एकदाच सांगितलेत आणि ते कायमचे पटले.

काठीचे टोक दोनदा हलके लवते आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सैल पडतो, त्या क्षणी आपण माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवले होते, ते अजून आठवते. पाकट आधी आमिषावर अंग पसरतो आणि मग सावकाश तोंडात घेतो. तो चालू लागेपर्यंत ओढायचे नाही. तोवर रीळचा ब्रेक सैल आणि काठी भक्कम रोवलेली हवी, नाहीतर काठीच समुद्रात जाते. तो तळाला चिकटून बसला, तर झटके न देता काठीचा बाक तसाच धरून वाट पाहायची. ही वाट पाहणे मला सगळ्यांत अवघड गेले.

या सर्वांहून मी आपला अधिक ऋणी आहे तो मासा काठाला आल्यानंतरच्या शिकवणीसाठी. लाटेच्या जोरावर त्याला ओल्या वाळूवर सरकवायचे, ओढून घेण्यासाठी अंगात लोखंडी आकडा मारायचा नाही, शेपटीवर जाड ओले फडके टाकायचे, लांब पकडीने गरी सोडवायची, शेपटीने उचलायचे नाही आणि डोळ्यांमागच्या श्वसनछिद्रांत बोटे घालायची नाहीत. एका मादीने वाळूवरच पिल्लू टाकले तेव्हा आपण फोटोसाठी पुढे आलेले हात बाजूला सारलेत. पंख गुंडाळलेले ते इवलेसे पिल्लू ओंजळीच्या पाण्यासह उथळात सोडलेत आणि मादीला लाटेकडे तोंड करून धरलेत. ती श्वास घेऊ लागली तशी तिच्या छिद्रांच्या झडपा उघडमीट करताना आम्ही पाहिल्या. पकडल्याच्या ताणाने अशा माद्या अवेळी पिल्ले टाकतात, आणि हे मासे उशिरा वयात येऊन मोजकीच पिल्ले देतात, हे आपण तेव्हा सांगितलेत. २०१९ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने वेजफिश आणि जायंट गिटारफिश या पाकटांच्या नातलगांच्या १६ पैकी १५ जाती अतिसंकटग्रस्त ठरवल्याचे पुढे वाचले, तेव्हा आपला प्रत्येक पाकट परत सोडण्याचा आग्रह मला अधिक योग्य वाटला. आता आम्हीही काटे दाबून बोथट केलेल्या गोल गऱ्याच वापरतो. त्या तोंडाच्या कडेला लागतात आणि लवकर सुटतात.

भावाची जखम पूर्ण भरली आहे आणि तो पुन्हा गळ टाकतो. थर्मास, पकड आणि जाड फडके सामानात आहे ना, हे तो निघण्यापूर्वी स्वतः तपासतो आणि सोबत येणाऱ्या नवख्याला पाय घासत चालायला लावतो. त्याने आपल्याला नमस्कार कळवला आहे. येत्या अमावस्येच्या उधाणाला आम्ही दोघे येणार आहोत. आपली प्रकृती ठीक असेल, तर आपणही यावे ही विनंती.

आपला कृतज्ञ,
गळाच्या नादातला एक विद्यार्थी