कालव्यावरची सिबिल

रेडिंग, इंग्लंड
७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले की आईला भजनी मंडळात नेणे आता बंद केले आहे, कारण ती तेच ते पुन्हा विचारते आणि बायका एकमेकींकडे पाहतात. त्यावर मी काहीच बोलले नाही. अशा वेळी फोनवर मला शब्द सुचत नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे. तुम्ही दोघे इथे आला होतात तेव्हा रात्रीची जेवणे आटोपली की आपण ‘फॉल्टी टॉवर्स’ ही हॉटेलवाल्या नवराबायकोची विनोदी मालिका लावत असू, ते आठवत असेलच. त्यातल्या सिबिलचे काम करणाऱ्या प्रुनेला स्केल्स २७ ऑक्टोबरला लंडनमध्ये, स्वतःच्या घरी वारल्या. त्या ९३ वर्षांच्या होत्या.

आई, तुला त्यातले निम्मे इंग्रजी कळत नव्हते, तरी सिबिलची ती नवऱ्याला मारलेली हाक, ‘बेसिल!’, तू दोन दिवसांत उचललीस. स्वयंपाकघरातून तू तशी हाक दिलीस आणि बाबा हातातले वर्तमानपत्र टाकून खरोखर उठले, तेव्हा आपण किती हसलो होतो.

इथल्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेखांच्या मथळ्यात सिबिललाच बसवले, याचा मला थोडा राग आला. ही मालिका एकूण १२ भागांची. सहा भाग १९७५ सालचे आणि सहा १९७९ सालचे, म्हणजे सगळे मिळून सहा-साडेसहा तासांचे काम. त्याच्या आगेमागे पन्नासहून अधिक वर्षांची नाटके, रेडिओ आणि दूरदर्शन आहे. त्यांचा जन्म १९३२ साली सरे परगण्यातला. आई नटी होती आणि तिचेच माहेरचे आडनाव मुलीने रंगभूमीसाठी घेतले. वडिलांकडचे आडनाव इलिंगवर्थ होते. ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत शिकून १९५१ साली त्या ब्रिस्टलच्या नाट्यगृहात लागल्या, त्याही नटी म्हणून नव्हे, तर रंगमंच व्यवस्थापकाची मदतनीस म्हणून. पुढे काही दिवस ‘कोरोनेशन स्ट्रीट’मध्ये बसच्या कंडक्टरणीचे काम केले आणि १९६३ पासून ‘मॅरेज लाइन्स’ या मालिकेतल्या नव्या नवरीमुळे लोक त्यांना ओळखू लागले. त्याच वर्षी त्यांनी टिमथी वेस्ट या नटाशी लग्न केले.

सिबिलविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नटीचे काम म्हणजे नेमके काय असते ते मला तिच्यातून कळले. संहिता वाचून झाल्यावर प्रुनेलाबाईंनी बेसिलचे काम करणाऱ्या आणि मालिकेचे एक लेखक असलेल्या जॉन क्लीज यांना विचारले की या दोघांनी मुळात एकमेकांशी लग्न केलेच का? क्लीज यांना हाच प्रश्न येईल अशी धास्ती होती, कारण त्याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. मग बाईंनी ते स्वतःच तयार केले. सिबिलचे आईवडील समुद्रकाठच्या गावात खाणावळ-लॉजच्या धंद्यातले असणार. बेसिलची वरच्या वर्गातली भाषा ऐकून ती भाळली असणार, आणि हा माणूस पोकळ आहे हे कळायला तिला फार उशीर झाला असणार. यातले काहीही मालिकेत बोलून दाखवलेले नाही. पण तो उंच रचलेला केसांचा डोलारा, फोनवर मैत्रिणीशी चाललेले न संपणारे बोलणे आणि मुख्य म्हणजे ते उच्चार, सगळे त्या उत्तरातून आलेले आहे. आपल्याकडे आडनाव विचारून माणसे जे काढून घेतात, ते इथे पहिल्याच वाक्याच्या उच्चारावरून कळते. म्हणून सिबिल नुसती कजाग बायको वाटत नाही; हॉटेल तीच चालवते आहे, हे बघणाऱ्याला पटत राहते.

याच बाई १९८८ साली नॅशनल थिएटरमध्ये ॲलन बेनेट यांच्या नाटकात दुसऱ्या एलिझाबेथ राणी म्हणून उभ्या राहिल्या. राजवाड्यातल्या चित्रसंग्रहाची देखभाल करणारा गृहस्थ रशियाचा हेर होता, ही त्या नाटकामागची खरी घटना. राणी त्याच्याशी खऱ्या आणि नकली चित्रांविषयी साधे बोलते आणि तिला सगळे ठाऊक आहे की काही नाही, याचा पत्ता प्रेक्षकाला शेवटपर्यंत लागत नाही. दूरदर्शनसाठी केलेली आवृत्ती १९९१ सालची आहे. ती मी गेल्या महिन्यात पाहिली आणि सिबिल तिच्यात औषधालाही सापडली नाही. व्हिक्टोरिया राणीवरचा कार्यक्रमही त्यांनी कितीतरी वर्षे केला. राणीच्याच पत्रांतून आणि रोजनिशीतून तो बेतलेला होता आणि त्याचे शेकडो प्रयोग झाले. एवढे पाठांतर ज्या डोक्यात राहिले, त्याच डोक्यातून पुढे शब्द निसटू लागले.

रंगमंचावर ती नेहमीसारखी नाही, हे सर्वांत आधी टिमथी यांच्या लक्षात आले. स्मृतिभ्रंशाचे निदान व्हायला पुढे बरीच वर्षे गेली आणि २०१४ साली त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. त्याच वर्षी ‘ग्रेट कॅनाल जर्नीज’ ही मालिका सुरू झाली. ऐंशीच्या आसपासचे नवराबायको एका अरुंद बोटीतून कालव्यांवरून हिंडतात, एवढाच तिचा विषय. पुढे ती दोघे परदेशीही गेली आणि केरळच्या खाऱ्या पाण्यातूनही फिरून आली.

बाबा, तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्म काढलात, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते. माझ्या घरामागून जातो तो केनेट-एव्हन कालवा रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत सुमारे १४० किलोमीटर आहे. तो कित्येक वर्षे गाळाने भरून बंद पडला होता, स्वयंसेवकांनी खपून तो पुन्हा वाहता केला आणि १९९० साली राणीने त्याचे उद्घाटन केले. ही दोघे त्या खटपटीत होती, आणि दुरुस्तीनंतर पूर्ण कालवा बोटीने प्रथम पार केला तो त्यांनीच. डिव्हायझेस या गावी चढावर ओळीने २९ लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट वरखाली नेणारे दारांचे हौद, आहेत. तुम्ही काठावर उभे राहून ते मोजले होते आणि एका दाराच्या गळतीवर टीकाही केली होती.

मालिकेत टिमथी मागे उभे राहून सुकाणू धरतात आणि लॉकचे काम प्रुनेलाबाई करतात. हातातला लोखंडी दांडा खोबणीत बसवून झडप वर घ्यायची, दोन्ही बाजूंचे पाणी सारखे होईपर्यंत थांबायचे आणि मग त्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकून पायांनी रेटा देत दार ढकलायचे. काल कुठल्या गावी मुक्काम होता ते त्यांना सांगता येत नाही, पण दांडा हातात आला की हात चुकत नाहीत. टिमथी म्हणत की कालव्यावर लक्षात ठेवावे असे फारसे काही नसते, समोर येईल त्याचा आनंद घेत जायचे. त्यांनी आपले दुःखही लपवलेले नाही. आपल्या ओळखीचे माणूस हळूहळू दिसेनासे होत असल्याचे ते मोकळेपणाने बोलत. तरीही त्या एखादा प्रश्न पुन्हा विचारतात तेव्हा ते पुन्हा उत्तर देतात आणि त्यानंतर काठावरचा बगळा दाखवतात.

मला कळते की कॅमेरा संध्याकाळी बंद होत असे. त्यांच्या रात्री आपण पाहिलेल्या नाहीत आणि तुमच्याही रात्री मी पाहत नाही, बाबा. इतक्या लांब बसून तुम्हाला शिकवावे, एवढी माझी योग्यता नाही. टिमथींच्या सोबतीला चित्रीकरणाची माणसे होती, तुम्ही एकटे आहात. पण हे सगळे पाहताना माझ्या मनात राहिले ते एवढेच की आजार कळल्यावरही त्यांनी बायकोला किनाऱ्यावर बसवून ठेवले नाही. २०१९ पर्यंत ती दोघे हिंडत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टिमथी गेले आणि वर्षाच्या आत त्याही गेल्या. मुलांनी कळवले की जाण्याच्या आदल्या दिवशी त्या ‘फॉल्टी टॉवर्स’ पाहत होत्या.

पोस्टाने एक पेन ड्राइव्ह पाठवला आहे. त्यात ‘फॉल्टी टॉवर्स’च्या १९७९ सालच्या सहा भागांतला लग्नाच्या वाढदिवसाचा भाग आधी लावा. बेसिल आपण वाढदिवस विसरल्याचे सोंग करतो, सिबिल ते खरे मानून रागाने निघून जाते, आणि पाहुणे दारात आल्यावर हॉटेलात काम करणाऱ्या बिचाऱ्या पॉलीला सिबिल म्हणून टोप घालून पलंगावर निजावे लागते. आई, तुला आवाज ऐकूनच सगळे समजेल. येत्या वैशाखात तुमच्या लग्नाला ५० वर्षे होतील, तेव्हा विसरण्याचे सोंग बाबांनी करू नये एवढीच विनंती.

मी २२ जानेवारीला पोहोचत आहे. तोवर, बाबा, येत्या गुरुवारी आईला एकदा भजनाला घेऊन जाऊन पाहाल का? मंडळातल्या काकूंशी मी फोनवर बोलले आहे. आई तिच्या जुन्या जागी, पेटीशेजारी बसेल आणि टाळ तिच्या हातात देतील. अभंग तिला पूर्ण येतो की मध्येच अडतो, आणि टाळ चुकतो का, ते मला कळवा.

तुमची,
धाकटी