प्रिंट येते, मग स्कॅनर का चालत नाही?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात विंडोज दहाचा सपोर्ट संपल्यावर जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं यावरचा लेख वाचला, आवडला, आणि लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून बघा असं मराठी पेपरात कुणीतरी सरळ लिहिलं याचा खरंच आनंद झाला. 14 ऑक्टोबर 2025 नंतर आमच्या बडोद्यात पण चांगले चालते डेस्कटॉप, केवळ विंडोज अकरा घेत नाहीत म्हणून, लोकांनी भंगारात काढलेले मी बघितले आहेत. पण त्या लेखात प्रिंटरवर एक ओळ होती आणि स्कॅनरबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि माझ्या बघण्यात माणसं लिनक्स सोडून परत जातात ती नेमकी याच जागी. पत्र लांब झालंय, पण छापलंत तर पूर्ण छापा अशी विनंती.

आमच्याकडे हा विषय एवढा जिव्हाळ्याचा का झाला ते आधी सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अकोटा, समा, फतेगंज या भागांत तळमजल्यावरच्या घरांमध्ये कपाटांचे खालचे खण बुडाले, आणि खालच्या खणात माणूस काय ठेवतो तर जुने कागद. घराचे दस्तऐवज, आजोबांचे संस्थानच्या नोकरीतले हुकूम, लग्नाच्या याद्या, काही घरांत मोडीतली पत्रं. जे वाळवून वाचलं ते आता तरी स्कॅन करून ठेवू असं घरोघरी ठरलं, आणि ऑल-इन-वन मशीन तर बऱ्याच जणांकडे होतंच, मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेलं. पण शेजारच्या वहिनींनी दुकानात विचारलं तर उत्तर काय, 'लिनक्समां स्कॅनर नई चाले बेन, विंडोज नखावी दो.' तेवढ्यावर विषय संपला. विंडोज टाकायचं म्हणजे नवीन कॉम्प्युटर, म्हणजे पाचआकडी खर्च, आणि तोवर कागद गच्चीवरच्या खोलीत कुरकुरीत होत पडलेले.

दुकानदाराचं म्हणणं चुकीचं आहे. का ते सांगतो.

ऑल-इन-वन हे एक मशीन दिसत असलं तरी आत दोन आहेत. छपाईचा रस्ता वेगळा, लिनक्सवर तो कप्स नावाच्या व्यवस्थेतून जातो, आणि स्कॅनचा रस्ता अगदी निराळा, तो सेन नावाच्या व्यवस्थेतून जातो. एक चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही. सेनमध्ये समोर दिसणारं अॅप वेगळं (सिंपल स्कॅन, एक्ससेन, स्कॅनलाइट, जे आवडेल ते) आणि मागे मशीनशी बोलणारा भाग वेगळा, त्याला बॅकएंड म्हणतात. बॅकएंड नसेल तर अॅप कितीही बदला, 'स्कॅनर सापडला नाही' हेच येणार, आणि लोक नेमके तेच करत बसतात, अॅपमागून अॅप टाकत.

पूर्वी हे बॅकएंड ज्या त्या कंपनीप्रमाणे शोधावे लागायचे. एचपीसाठी एचपीलिप, त्यातही काही मॉडेलांना वरून एक प्लगइन लागतो आणि त्याचं व्हर्जन एचपीलिपशी जुळावं लागतं, म्हणून अपडेट झालं की स्कॅनर अचानक गायब. ब्रदरसाठी बीआरस्कॅनची पॅकेजं, मॉडेलप्रमाणे वेगळ्या आकड्याची. एप्सनचं एप्सन स्कॅन टू. कॅननच्या पुष्कळ मॉडेलांसाठी पिक्स्मा नावाचा बॅकएंड सेनमध्येच येतो. ही माहिती आजही लागते, कारण आपल्याकडे मशीन दहा दहा वर्षं वापरतात आणि वापरायलाच पाहिजेत.

पण नवीन मशीनचं चित्र पार बदललंय, आणि ते बदललं मोबाईलमुळे. फोनमध्ये कुणी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकत बसणार नाही, म्हणून ॲपलने 2010 मध्ये एअरप्रिंट आणलं, आणि पुढे कंपन्यांनी मशीनलाच एक सामाईक भाषा शिकवली. स्कॅनची ती भाषा म्हणजे ईएससीएल. लिनक्सवर सेन-एअरस्कॅन नावाचा बॅकएंड ही भाषा बोलतो, शिवाय मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूएसडी पण बोलतो, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर नसला तरी काम होतं. मशीन वायफायवर नसून यूएसबीने जोडलेलं असेल तर आयपीपी-यूएसबी नावाचा छोटा प्रोग्रॅम तीच बोलणी वायरीतून करून देतो. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) 11 मध्ये, म्हणजे 2021 पासून, हे सगळं आहे, आणि 2022 च्या लिनक्स मिंट 21 मध्ये तर आपोआप चालू. त्यामुळे गेल्या काही वर्षांतलं मशीन असेल तर बऱ्याचदा नुसतं जोडायचं, सिंपल स्कॅन उघडायचं, झालं.

आता जिथे होत नाही ती गोष्ट, आणि लेखात यायला हवी होती ती हीच. वहिनींच्या घरी बघितलं, यूएसबीचं लेझर मशीन, प्रिंट झकास येते, स्कॅनची यादी रिकामी. त्यांच्या भाच्याने कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणून टाकला होता, बरोबर मॉडेलचा होता, तरी यादी रिकामीच. कारण असं की आयपीपी-यूएसबीने मशीनची वायर आधीच धरून ठेवलेली असते, आणि एकाने धरली की दुसऱ्याला ती मिळत नाही. वहिनींचं मशीन त्या सामाईक भाषेत छापायला शिकलेलं पण स्कॅन करायला नाही, आणि ज्याला स्कॅन येत होतं तो कंपनीचा ड्रायव्हर दाराबाहेर उभा. आयपीपी-यूएसबी आणि सेन-एअरस्कॅन ही दोन पॅकेजं काढून टाकली, वायर काढून परत लावली, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, स्कॅनइमेज लिहून पुढे स्पेस, डॅश आणि मोठा एल असं दिलं, आणि मशीनचं नाव पटकन आलं. त्यानंतर प्रिंटर मात्र एकदा नव्याने जोडावा लागतो, कारण आधीचा तर त्या काढलेल्या रस्त्यानेच येत होता, हे सांगायला हवं नाहीतर लोक घाबरतात की आता प्रिंट पण गेली. मिंटच्या स्वतःच्या रिलीज नोट्समध्ये हा उपाय दिलेला आहे, फक्त इंग्रजीत, आणि तिथपर्यंत आपला माणूस पोचत नाही.

आणखी दोन ठिकाणी गाडी अडते. ॲडमिन म्हणून, म्हणजे सुडू लावून, तीच आज्ञा दिली की स्कॅनर दिसतो आणि साधी दिली की दिसत नाही, असं असेल तर मशीन, वायर, ड्रायव्हर सगळं ठीक आहे, फक्त परवानगी नाही. आपल्या युजरला स्कॅनर किंवा एलपी या ग्रुपमध्ये घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. दुसरं म्हणजे वायफाय. मशीन आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर हवेत, राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर मशीन गेलं असेल तर दिसणार नाही, आणि फायरवॉल चालू केली असेल तर यूडीपीचा 5353 नंबरचा पोर्ट उघडा लागतो कारण मशीन आपलं नाव तिथूनच पुकारतं. यादीत एकच स्कॅनर दोनदा आला तर घाबरायचं नाही, दोन बॅकएंडना तो सापडलाय एवढंच, जो चालेल तो निवडा.

भिजलेल्या कागदांसाठी एक गोष्ट जरूर छापा. सेटिंगमध्ये लाइनआर्ट, म्हणजे नुसतं काळं-पांढरं, ठेवू नका, पाण्याच्या डागाखालची फिकट शाई त्यात पूर्ण पुसली जाते किंवा डागच काळा होऊन अक्षरं गिळतो. वहिनींकडच्या 1940 च्या आसपासच्या एका पत्रात हेच झालं, काळ्या-पांढऱ्यात खालच्या कोपऱ्यात नुसता काळा ठिपका, आणि रंगीतमध्ये तिथे सही स्पष्ट दिसली. म्हणून निदान ग्रेस्केल, शक्यतो रंगीत, आणि 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, फारच पुसट असेल तर 600. सिंपल स्कॅनमध्ये 'टेक्स्ट'च्या ऐवजी 'इमेज' निवडलं की बरंचसं काम होतं. 300 डीपीआयला ए-फोरचं एक पान 2480 बाय 3508 ठिपक्यांचं होतं, रंगीत ठेवलं तर कॉम्प्रेस करण्याआधी साधारण 26 एमबी, तेव्हा मूळ फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि पाठवायला लहान पीडीएफ करा. छापील मराठी असेल तर टेसेरॅक्ट या, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये मराठीचं भाषा-पॅकेज टाकून मजकूर शोधता येईल अशी पीडीएफ पण बनते, फुकट. मोडीला मात्र हे चालत नाही, तिथे आधी नीट चित्र आणि मग वाचणारा माणूस.

माझं मागणं दोन गोष्टींचं. दुकानदारांनी, आणि त्यात दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले आपले ओळखीचे पण आले, 'चालत नाही' म्हणायच्या आधी मशीन ईएससीएल बोलतं का एवढं बघून सांगावं, खोक्यावर एअरप्रिंटचं चिन्ह असेल तर बहुतेक बोलतंच. त्यात ग्राहकाचाही फायदा आणि त्यांचाही, मशीन तर विकलं जाणारच आहे. आणि आपल्या पेपरने ही माहिती मराठीत, चौकटीत, आज्ञा मूळ रोमन अक्षरात जशाच्या तशा देऊन छापावी, कात्री लावून मॉनिटरला चिकटवता येईल अशी. सयाजीरावांनी 1910 मध्ये या शहरात सेंट्रल लायब्ररी काढली आणि खेड्यापाड्यात पेट्या भरभरून पुस्तकं पाठवली, त्या गावात घरातले कागद एका पॅकेजच्या भांडणापायी सडू नयेत असं मला मनापासून वाटतं. आमच्या इथल्या मराठी मंडळांनी एखादा जुना डेस्कटॉप आणि एक फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर कागद ठेवायचं, मशीन ऑफिसात मांडून ठेवावं, शनिवार-रविवार कुणी ना कुणी बसेल, मी स्वतः बसायला तयार आहे, आणि पावसाळ्याच्या आत हे सुरू व्हायला हवं.

चौकटीसाठी आज्ञांची यादी आणि कुठल्या कंपनीला कुठलं पॅकेज हे मी टाइप करून ठेवलंय, आपल्या कार्यालयातून निरोप आला की लगेच पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक, अकोटा, बडोदे