रिकव्हरीतल्या सिस्टर, तुमचे आभार

सिस्टर,

ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक सर्जनचे हात धरतात, क्वचित आमचेही. भूल देताना श्वासनलिकेत घातलेली ट्यूब काढल्यानंतरची पहिली काही मिनिटं तुमच्या वाट्याला येतात, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. म्हणून आम्हा भूलतज्ज्ञांकडून हे पत्र.

मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन अजून ९८ टक्के दिसत असतो आणि तुम्ही हाक मारता, "सर, छाती हलतेय, पण हवा जात नाहीये!" बोटावरचा आकडा उशिरा पडतो, तुमची नजर त्याच्या आधी पोचलेली असते. लॅरिंगोस्पॅझममध्ये स्वरतंतू घट्ट मिटतात. त्यात पेशंट तरुण, कसलेल्या अंगाचा असेल तर तो मिटल्या वाटेतून सगळा जोर लावून श्वास ओढतो. एरवी श्वास घेताना छातीतला दाब उणे ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतका असतो, या झटापटीत तो उणे ५० च्याही खाली जातो. त्या ओढीनं केशवाहिन्यांतलं पाणी वायुकोशांत उतरतं आणि गुलाबी फेस येऊ लागतो. असा फेस एरवी हृदय कमजोर पडल्यावर येतो. इथे हृदय मात्र ठणठणीत, म्हणून नवखा डॉक्टर गोंधळतो.

आम्ही पोचेपर्यंत तुम्ही जबडा पुढे उचललेला असतो, मास्क घट्ट बसवून १०० टक्के ऑक्सिजनचा सलग दाब दिलेला असतो आणि कानाच्या पाळीमागच्या खोलगट जागी बोटं जोरात रोवलेली असतात. बॅग जोरजोरात दाबत नाही, हे विशेष. ती हवा पोटातच जाते. भूल गाढ करणारं प्रोपोफॉल (किलोला अर्धा मिलिग्रॅम) आणि स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलिन हाताशी असतं. पेशंटनं ट्यूबच चावून धरली, तर तिच्या टोकाजवळच्या फुग्यातली (कफमधली) हवा काढायची, म्हणजे ट्यूबच्या कडेनं तरी श्वास जातो, हेही तुम्हाला सांगावं लागत नाही.

खरं तर निम्मी कारणं आमच्याच बाजूची: अर्धवट शुद्धीत ट्यूब काढणं, टॉन्सिलनंतर घशामागे राहिलेली रक्ताची गुठळी, स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचा असर उतरला का हे दाखवणारा मॉनिटरचा रेशो ०.९ ला येण्याआधीची घाई.

पुढचं सोपं. पेशंटला टेकवून बसवायचं, ५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा सलग दाब, द्यायचा. बहुतेकांची फुप्फुसं एक-दोन दिवसांत स्वच्छ होतात. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या लॅसिक्सचा आग्रह आम्ही धरत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलं नसतं.

फेस कधीकधी काही तासांनीही येतो. म्हणूनच वॉर्डातून "बेड तयार आहे, पाठवा" असा फोन आला तरी स्पॅझम येऊन गेलेल्या पेशंटला तुम्ही सोडत नाही. कुणी चिडलं, तर खुशाल आमचं नाव सांगा.

आपले,
भूलतज्ज्ञ