रोप कोणत्या बेटाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोजगार हमीतून बांबू लागवडीला अनुदान मिळू लागल्यापासून आपल्या जिल्ह्यातही बांधाबांधावर बांबूची चर्चा आहे. किती हेक्टर, एकरी किती उत्पन्न, हे सगळे विचारतात. रोप कोणत्या बेटाचं, म्हणजे बांबूच्या कोणत्या जुन्या झुंडीपासून केलेलं, हे कुणी विचारत नाही.

माणग्याचंच घ्या. भरीव आणि बिनकाट्याचा हा बांबू मूळचा कोकण, गोवा आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या छोट्याशा टापूतला. त्याला फुलोरा आला तरी बी सहसा धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कंद आणि कांड्या लावूनच तो वाढवला. त्यामुळे एखाद्या गावात शंभर बेटं दिसली, तरी जनुकांच्या हिशेबाने ते एकच झाड असू शकतं.

बी धरणाऱ्या जातींची तऱ्हा निराळी. कळक तीस-चाळीस वर्षांतून एकदा फुलतो, बी टाकतो आणि मरतो. दोन खोऱ्यांतली बेटं वेगवेगळ्या साली फुलली, तर एकाचे पराग दुसऱ्याला मिळतच नाहीत. एखाद्या जातीत हजारो वर्षं असं चाललं, की घाटाच्या अल्याड-पल्याडची झाडं दिसायला सारखी पण आतून वेगळी होत जातात. हा इतिहास डीएनएत शोधता येतो. हरितलवकातला डीएनए गवतकुळात साधारणपणे मादीकडून, म्हणजे बियांसोबत, पुढे जातो. पेशीकेंद्रातला परागांसोबतही जातो. दोन्ही ताडून पाहिले की जात कुठून कुठे सरकली, हवामान पालटलं तेव्हा कुठे तगली, याचा माग लागतो. विविधता अशी जागोजागी वाटलेली असेल, तर एकाच डोंगरावरची हजार बेटं राखूनही बरंच काही हातचं जाईल.

आम्हा डाळिंबवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. भगवा या वाणाच्या बागा गुटी कलमांच्या, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपांच्या; झाडं सगळी सारखीच. तेल्या रोग जसा एका झाडाला लागतो तसाच शेजारच्याला, आणि रोगट मातृवृक्षाची कलमं गावोगाव गेली की रोगही त्यांच्याबरोबर जातो. उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांना माझा विरोध नाही; एकसारखी काठी हवी असेल तर ती सोयीचीच. पण एकाच मातृबेटाची लाखो रोपं जिल्हाभर लावणं हा जुगार आहे. (आणि बांबू लावताना कृपा करून नान्नजचा माळ तरी सोडा. ती माळढोकाची जागा आहे, पडीक जमीन नव्हे.)

अनुदानाच्या रोपांसोबत जात आणि मातृबेटाचं गाव लिहिलेली चिठ्ठी रोपवाटिकेने द्यावी. माणग्याची तर सिंधुदुर्गापासून कर्नाटकापर्यंत ठिकठिकाणची बेटं गोळा करून कृषी विद्यापीठ आणि वनविभागाने त्यांचा संग्रह राखावा, आणि त्यांची डीएनए तपासणी होईपर्यंत जुनी बेटं तोडून त्याजागी नवी रोपं लावू नयेत.

एक डाळिंब उत्पादक,
सांगोला, जि. सोलापूर