रोशनला, टिफिनच्या पिशवीत

रोशन बाळा,

समोरासमोर बसलो की तुझा आवाज चढतो आणि मला रडू येतं, म्हणून लिहितेय. विरार फास्टमध्ये बसायला मिळालं तर तिथे वाच, नाहीतर ऑफिसात जेवताना वाच. डब्यात वालाची भाजी आहे, सांडू नकोस.

शनिवारी दुपारी बाईकवरून दोघं आले होते, एवढंच मी तुला सांगितलं होतं. पुढचं ऐक. एकाने ओट्याच्या कठड्यावर हात ठेवून विचारलं, "रोशन इथेच राहतो ना? रात्री किती वाजता येतो?" मी म्हटलं, काय काम आहे? "काही नाही आंटी, सहज." मग पाणी मागितलं. मी दिलं. पाणी पिऊन त्याने ग्लास नळाखाली विसळला आणि पालथा ठेवला. शिवी दिली असती तर मी एवढी घाबरले नसते.

तेव्हा एकच सांगते. रात्री त्या पुड्या विकणाऱ्यांच्या गल्लीत एकट्याने जाऊ नकोस. हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं, लिहून झालं.

पोरांना नशेतून सोडवायचं तुमच्या मंडळाचं काम चुकीचं आहे असं मी रविवारी आपलं वाजलं तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तू ते तसं ऐकलंस. धर्मग्रामातल्या किती जणांनी त्या व्यसनी मुलांकडे बघून मान वळवली ते मला माहीत आहे. पास्काच्या सणाआधी मिल्टनला तुम्ही रात्री आपल्या ओट्यावर आणलंत, तेव्हा मी दाराआडून बघत होते. दात करकर खात होता, खिडकीचे गज पुन्हा पुन्हा मोजत होता, आणि पंख्यातून कोणी आपलं नाव घेतंय म्हणून तुला पंखा बंद करायला लावत होता. त्याची आई दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून उभी. तू त्याला काही उपदेश केला नाहीस, खांद्यावर हातसुद्धा टाकला नाहीस, कारण हात लागला की तो दचकत होता. नुसता शेजारी बसलास, उजाडेपर्यंत. एवढी वर्षं वॉर्डात काढली मी, पण नव्या नर्सला हे शिकवायला किती दिवस लागतात ते मला विचार. तुझे डॅडी असते तर सगळ्या वाडीला सांगत फिरले असते.

पण नर्स म्हणूनच एक सांगते, हे भाषण नाही. दारूचं आणि ब्राउन शुगरचं आम्हाला काहीतरी ठाऊक होतं, त्यावर गोळ्या होत्या. या एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर, तशी बदली गोळी नाही. बंद केलं की पोरगा दोन-तीन दिवस मेल्यासारखा झोपतो, उठून भांडंभर जेवतो, आणि घरचे म्हणतात सुटला एकदाचा. खरं संकट त्यानंतर येतं. कशातच गोडी वाटत नाही, जगून काय करू म्हणतो. त्या आठवड्यांत सोबत लागते, आणि डॉक्टरही लागतो. तुमच्या मंडळाने त्या दिवसांची पाळी लावली तर ते कोपऱ्यावर उभं राहून बाईकचे नंबर लिहिण्यापेक्षा मोठं काम आहे. नंबर कशाला लिहिता रे? ते काय वाचत नाहीत का तुमचे चेहरे?

विलीकाका आठवतो का? तू लहान होतास. तुला तो फक्त शेवटचा आठवत असेल, पांढरा शर्ट घालून मिस्साला पहिल्या बाकावर बसणारा. त्याच्या आधीचा, दारूत बुडालेला विली नानीने पाहिला आणि मी पाहिला. फादर जो परेरांनी १९८१ साली वांद्र्याला, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा ही व्यसनमुक्तीची संस्था सुरू केली होती. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले, त्यामुळे समोरच्याचं खोटं त्यांना लगेच कळायचं. आणि धर्मगुरू असून योगगुरू अय्यंगारांचे शिष्य! विलीला तिथे भिंतीला पाय लावून पडायला शिकवलं, तर तो घरी येऊनही तसाच पडायचा, आणि नानी म्हणायची, पाद्रीने याला उलटा केला म्हणून हा सुलटा झाला. पुढे २००९ मध्ये फादरना पद्मश्री मिळाली तेव्हा विली नव्हता. नानीने त्याच्या फोटोला हार घातला. का घातला ते कोणी विचारलं नाही.

बघ, कुठे गेले मी. सांगायचं होतं की विलीला कोणी पकडून नेलं नव्हतं. दारू सोडणाऱ्यांच्या गुरुवारच्या मीटिंगला चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या लावायला माणूस हवा म्हणून डॅडींनी त्याला नेलं. खुर्च्या लावता लावता बसला एकदा.

तू रविवारी म्हणालास, ते दिवस वेगळे होते, विलीला बाटली दुकानात मिळत होती, आता पुडी देणारा दारात येतो. बरोबर आहे तुझं. २०२२ मध्ये नालासोपाऱ्यात सातशे किलो एमडी धरली तेव्हा पेपरात १,४०० कोटी वाचून मी कांदा चिरता चिरता थांबले होते. नालासोपारा म्हणजे आपल्यापासून किती? आणि पकडलेल्यांत केमिस्ट्री शिकलेला माणूस. म्हणून तर म्हणते, ती गल्लीतली दोन पोरं म्हणजे या धंद्याची नुसती शेपटी आहे. तुझ्या एकट्याच्या आंगाने, तेही रात्री साडेअकराला...

नको. पुन्हा तेच लिहितेय.

शोमरोनी माणसाचा दाखला तूच मंडळात वाचलास ना? यरीहोच्या वाटेवर त्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार मोजले आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. लुटारूंच्या मागे तो धावला नाही. हे मी रविवारी म्हटलं, त्यावर तू विचारलंस, मम्मी, त्याच वाटेने उद्या दुसरा कोणी जाणार नाही का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. दोन रात्री विचार करतेय.

पण एक आठवतं. आमच्या वेळी वसईची हिरवी जमीन बिल्डरांपासून वाचवायला हरित वसईचा लढा झाला, फादर दिब्रिटो पुढे होते, आणि तेव्हाही समोर साधी माणसं नव्हती. मी तुझ्या ताईला कडेवर घेऊन मोर्चात गेले होते. नानी सुकेळी बांधून घेऊन आली होती, वाटेत लागतील म्हणून. भीती होतीच, पण भरदिवसा होतो, बायका होत्या, बँड होता, गावंच्या गावं होती. कोणाच्या घरी जाऊन "रोशन किती वाजता येतो" विचारावं, असा एकच माणूस तिथे नव्हता. तुमचं मंडळ नऊ पोरांचं, आणि त्यातही पुढे उभा तू.

आता थोडं रागावून लिहिते. परवा कोपऱ्यावरच्या लग्नाच्या मांडवात तुमच्यातलेच तिघे ग्लास हातात घेऊन नाचत होते. गावात व्यसन नको म्हणणारे आपणच, आणि दारूचं काउंटर नसलं तर यजमान कंजूष म्हणणारेही आपणच. पंधरा वर्षांचं पोर तिथे पहिला घोट घेतं, आणि घरी सगळे हसतात. पुडीवाला बाहेरून आला म्हणतात. बाटली कुठून आली? फादरना सांगून यावर एकदा प्रवचन करायला लावा, मग बघू किती जण मिस्सा संपेपर्यंत थांबतात.

जाऊ दे. तू त्या तिघांत नव्हतास, आणि त्यांचं मी तुला ऐकवतेय. राग मानू नकोस.

शेवटचं कामाचं. ज्या आया मुलांना लपवून ठेवतात, त्या केसच्या भीतीने. त्यांना जाऊन सांगा की अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ कलम आहे, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर खटल्यातून सुटका मिळू शकते. एमडीत दोन ग्रॅमपर्यंत थोडी मात्रा, पन्नास ग्रॅमला व्यापारी मात्रा, तिथे किमान दहा वर्षं कैद. पोरांना शंभर-दोनशे रुपयांवर पुडक्या पोचवायला लावतात, त्या पोरांना हा आकडा माहीत नसतो. तो सांगणं तुमचं काम. विकणाऱ्यांची माहिती १९३३ या सरकारी हेल्पलाइनवर द्या, नाव गुप्त ठेवतात. नंबर लिहिलेली वही माझ्याकडे दे. मी करते फोन. साठीच्या बाईच्या फोनवर कोणाला संशय येणार?

आणि शुक्रवारी मी मीटिंगला येणार आहे. मिल्टनची आई येते म्हणालीय, रोझमेरीमावशीलाही विचारलंय. मधल्या वाडीतल्या चौघी-पाचजणी तरी येतील. तुमच्याबरोबर गल्लीतून चालत जायलाही आम्ही तयार आहोत, पण संध्याकाळच्या रोझरीनंतर लगेच, दिवे लागलेले असताना. फादरना तू सांगशील का मी सांगू?

येताना मिल्टनसाठी ब्रेड घेऊन ये, कडक भाकरी त्याला अजून चावत नाही. आणि बाईकच्या मागचा लाईट गेलाय, पप्पूकडे टाकून ये आजच, म्हणजे आज रात्री रिक्षाने येशील.

तुझी
मम्मी