‘गॅप आधीच लावलेला’ असे छापून विकलेल्या टर्बो स्पार्क प्लगांबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : टर्बो पेट्रोल इंजिनासाठी दिलेल्या इरिडियम प्लगांत जास्त आणि असमान गॅप (ठिणगी उडते ती दोन इलेक्ट्रोडमधली फट), संच बदलून मिळणे व तक्ता दुरुस्त होणे याबाबत.

महोदय,

आपल्या तक्त्यात आमच्या टर्बो इंजिनापुढे जो प्लग दिला आहे, त्याच क्रमांकाचा चार नगांचा संच घेतला. खोक्यावर ‘गॅप आधीच लावलेला, तपासण्याची गरज नाही’ असे ठळक अक्षरांत आहे, म्हणून प्लग तसेच बसवले. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन शांत चालते. मात्र वरच्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमच्या आसपास अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढला की गाडी मिसिंग मारते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०२ आणि पी०३०३ हे कोड येतात, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर (तिथले पेट्रोल न पेटणे).

प्लग काढून वायर गेजने मोजले. पहिल्यापासून क्रमाने ०.९०, १.१०, १.१५ आणि ०.९५ मिमी. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ मिमी सांगितले आहे. चारपैकी एकही नग त्यात बसत नाही, आणि ज्या दोघांचा गॅप सर्वांत मोठा, कोडही त्यांचेच.

आपल्या प्रतिनिधीने प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर बोट ठेवले. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. कोड पी०३०२ च राहिला. कॉइल खराब असती तर मिसफायर तिच्यामागे पहिल्या सिलिंडरवर गेला असता. त्यानंतर ०.७५ मिमी गॅपचे दुसरे प्लग त्याच कॉइलवर लावले आणि मिसिंग थांबले.

‘आयडलला नीट चालते आणि आमच्या टेस्टरवर ठिणगी चांगली पडते, तेव्हा प्लग ठीक आहेत’ हे उत्तर तर प्लग बनवणाऱ्या कंपनीकडून अपेक्षितच नव्हते. ठिणगी उडायला लागणारा व्होल्टेज गॅपच्या लांबीबरोबर वाढतो, तसाच त्या फटीतल्या वायूच्या घनतेबरोबरही. उघड्या हवेत १.१ मिमीची फट कोणतीही बरी कॉइल सहज ओलांडते. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे सिलिंडरमध्ये हवा थोडीच भरते. एक बार बूस्टवर मात्र इनटेकमधला दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो, आणि ती हवा पुढे पिस्टनने आणखी दाबली जाते. तिथे कॉइलची मर्यादा संपते. मग ठिणगी पडतच नाही, किंवा सोपी वाट शोधून पोर्सेलिनवरून बाहेरच्या बाहेर प्लगच्या धातूच्या बॉडीकडे उडते. दुसऱ्या प्लगच्या पोर्सेलिनवर वरून खाली गेलेली काळी रेघ याचीच खूण आहे. सोबतच्या फोटोत ती स्पष्ट दिसते. प्रत्येक मिसफायरला न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथे जळून त्याला तापवते, हे वेगळेच. शिवाय वापराने इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढतच जातो, कमी होत नाही.

‘तुम्हीच वाकवून ०.८ करून घ्या’ हा सल्लाही मान्य नाही. बारीक टोकाच्या इरिडियम प्लगवर ०.२ मिमीपेक्षा जास्त फेरफार करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. १.१५ चे ०.८ करायचे तर ०.३५ मिमी वाकवावे लागते. इतके वाकवले की बाजूचा इलेक्ट्रोड तिरका होतो, समोरासमोरच्या पृष्ठभागांऐवजी त्याची कडच जवळ येते आणि गेजवर दिसणारा आकडा फसवा ठरतो. त्यात कुणी नाण्यासारखे गोल गेज घालून मधल्या टोकावर जोर दिला तर टोक तुटते किंवा आतले पोर्सेलिन तडकते. सरसकट ०.५ मिमी करणे हाही उपाय नाही. फार लहान फटीत ज्योतीचा पहिला गोळाच दुबळा बनतो आणि आयडल खडबडीत होतो.

आमचा संशय तक्त्यावर आहे. या इंजिनाच्या टर्बो आणि बिनटर्बो दोन्ही प्रकारांपुढे आपण एकच क्रमांक छापला आहे. बिनटर्बो इंजिनाला १.१ मिमी चालून जाईल. पण टर्बोसाठी बहुधा एक पायरी थंड हीट रेंजचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, प्लग लागतो, तेव्हा प्रश्न नुसत्या गॅपचा नसण्याचीही शक्यता आहे. तरीही एकाच खोक्यात ०.९० आणि १.१५ कसे निघाले, याचे उत्तर तक्त्यात नाही. ते पॅकिंगच्या किंवा तपासणीच्या टेबलावर शोधावे लागेल.

म्हणून मागणी अशी : मॅन्युअलमधल्या गॅपचा व योग्य हीट रेंजचा संच बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलच्या रबरी बूटवरही तीच काळी रेघ उमटली आहे. तो बूट बदलून द्यावा, कारण त्या रेघेवरून नव्या प्लगचीही ठिणगी घसरते. या बॅचचे उरलेले नग मोजून निकाल लेखी कळवावा. दोन्ही प्रकारांचे क्रमांक तक्त्यात वेगळे करावेत, आणि खोक्यावर गॅप मिलिमीटरमध्ये छापून ‘बसवण्यापूर्वी वायर गेजने तपासा’ असे लिहावे.

चारही प्लग, खोके आणि पावती जपून ठेवली आहे. तपासणीसाठी प्लग हवे असतील तर लेखी पोच घेऊनच देऊ. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, गेज लावलेल्या चारही प्लगांचे फोटो, स्कॅनरचा अहवाल