संगणक ‘अपग्रेड’ करा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘विंडोज १० काढा, विंडोज ११ घाला’ असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि पेपर घडी घालून ठेवून दिला होता. पण काल सकाळपासून गावातल्या दोघातिघांचे फोन आले, ‘मास्तर, आता आमचा कॉम्प्युटर बंद पडणार काय?’ तेव्हा म्हटले, लिहिलेच पाहिजे.

लेख देखणा आहे. रंगीत चित्रे आहेत, बाण आहेत, ‘घाबरू नका’ असा दिलासाही आहे. त्याच पानावर तळाला लॅपटॉपच्या सेलची जाहिरात आहे, तो योगायोग समजून मी सोडून देतो.

पण संगणक बंद पडत नाही हो! १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा थांबवल्या. यंत्र पूर्वीसारखेच सुरू होते, छापते, हिशेब करते. शिवाय घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणा घेता येतात. मायक्रोसॉफ्टचे खाते लागतेच. आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे जमा ठेवायला तयार असाल तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. मुदतवाढीचे हे दोन्ही मार्ग आपल्या लेखकाला ठाऊक नसतील असे मला वाटत नाही. मग एक ओळ का नाही? नवीन लॅपटॉप कुठला घ्यावा यावर मात्र चांगला अर्धा रकाना आहे.

आता मूळ मुद्दा. ‘बटण दाबा, चहा घेऊन या, काम झालेले असेल’ असे लेखात म्हटले आहे. गोव्यातल्या किती घरांत आणि देवस्थानांच्या कचेऱ्यांत जुने ३२-बिट, म्हणजे आधीच्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी बेतलेले, विंडोज १० चालू आहे, याची लेखकाने कुठे चौकशी केली होती काय? विंडोज ११ ही फक्त ६४-बिट असते. ३२-बिटवरून तिच्याकडे बटण दाबून जाताच येत नाही. डिस्क साफ करून सगळे पहिल्यापासून घालावे लागते. त्याला अपग्रेड म्हणत नाहीत. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते. घरोघरी पडलेली सेकंडहँड यंत्रे त्यात बसत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पावसाळा संपता संपता आमच्याच तालुक्यातल्या एका दुकानात माझ्या संगणकावर हा प्रयोग झाला आहे. दुकानाचे नाव छापू नये, मीही लिहीत नाही. माझे यंत्र सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचे. मायक्रोसॉफ्टच्याच तपासणीच्या प्रोग्रामने ‘हे चालणार नाही’ असा स्वच्छ शेरा मारला होता. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘कांय ना मास्तर, जातलें. फाल्यां येयात.’ (काही नाही, होईल, उद्या या.) अटी चुकवून विंडोज ११ घालायची युक्ती या मुलांना येते. अशा यंत्राला पुढे सुधारणा मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे मात्र ती मुले सांगत नाहीत. ‘आत नाटकाची संहिता आहे, कार्तिकातल्या जत्रेला करायचे आहे, सांभाळ रे बाबा’ असे मी दोनदा बजावले होते. त्यानेही सांभाळली. फाइल जशीच्या तशी होती.

उघडून बघतो तर ‘प्रवेश पहिला’च्या जागी डोक्यावर मात्रा घेतलेली इंग्रजी ई, तिच्याशेजारी पौंडाची खूण, मग उलटे प्रश्नचिन्ह, मग आणखी ईच ई. तीन अंकी पौराणिक नाटक, पानामागून पान तसेच. मुलगा म्हणाला, ‘मास्तर, व्हायरस असेल.’

कसला व्हायरस? युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपण सगळ्यांनी ज्या फॉन्टांत मराठी टाइप केले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. संगणकाला मराठी कळतच नव्हती, नुसती वरची चित्रे मराठी होती. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणजे खालचे इंग्रजी उघडे पडणारच. आपल्या छापखान्यातल्या जुन्या माणसांना हे विचारा, ते झोपेतही सांगतील. आपले लेखकही एखाद्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसले असते तर बरे झाले असते.

जुन्या सीडीवरून फॉन्ट घातला तेव्हा मजकूर दिसू लागला. पण टाइप करायचा जुना प्रोग्राम काही चालेना, कारण त्याला विंडोजशी जोडणारा आतला भाग, म्हणजे ड्रायव्हर, ३२-बिटचा आणि नवी विंडोज ६४-बिटची. म्हणजे नाटक वाचता येते, दुरुस्त करता येत नाही! आणि दिग्दर्शकाने दुसऱ्या अंकात दोन प्रवेश बदललेले. मग इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरमधून सगळे युनिकोडमध्ये नेले. त्या बिचाऱ्याला रफार कुठे ठेवायचा ते कळेना. नाटकात कर्ण पानोपानी. त्याचा सगळीकडे ‘कणर्’ झाला, धर्माचा ‘धमर्’. तालमीला त्याच छापील प्रती वाटल्या गेल्या, कारण वेळच नव्हता, आणि आमच्या दुर्योधनाने ‘मित्रा कणर्’ अशी हाक मारल्यावर सबंध मंडपाचे हसून पोट दुखले. शेवटी प्रॉम्प्टरसाठी मी अख्खी संहिता हाताने लिहून काढली.

भाच्याने मग जुनीच ३२-बिट विंडोज १० परत बसवून दिली. आता त्या यंत्राला नेट जोडलेले नाही. पेनड्राइव्ह लावायचा, टाइप करायचे, छापायचे. बँकेचे व्यवहार, वीजबिल वगैरे मी मोबाइलवर करतो. घरच्या संगणकाबाबत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की त्यावर करता काय. पैशांचे व्यवहार आणि सगळ्यांच्या ईमेल त्याच यंत्रावर होत असतील आणि यंत्र अटींत बसत असेल, तर जरूर विंडोज ११ घ्या. माझा त्याला विरोध नाही. बसत नसेल तर मुदतवाढ आहे, विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही प्रणालीही आहे. लिनक्सवर मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड चालतो आणि पैसे पडत नाहीत. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. आपल्या लेखात लिनक्स हा शब्द एकदाही नाही.

आणि हो, ‘ही प्रक्रिया सुरू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्या’ अशीही एक सूचना चौकटीत छापली आहे. फार आभारी आहोत. फोंडा तालुक्यात माडाचे एक चुडत तारेवर पडले की संध्याकाळ अंधारात जाते. काळजी नेमकी कुणी घ्यायची, माडाने?

यापुढे असे लेख छापताना निदान एक गोष्ट वाचकांना करायला सांगा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात शेवटी अबाऊट उघडले की ‘सिस्टीम टाइप’समोर ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेले असते. तेवढे बघून मगच दुकानाची पायरी चढावी. जुन्या फॉन्टांतल्या मजकुराच्या पीडीएफ आधी करून ठेवाव्यात, फॉन्टच्या फाइलींची प्रत बाजूला ठेवावी. गोव्यात देवस्थानांचे ताळेबंद, भजनी मंडळांच्या वह्या, उत्सवी नाटके असे कितीतरी मराठी या जुन्या फॉन्टांत पडून आहे. आपल्याच वाचकांचे आहे ते.

जाता जाता आणखी एक. हे संगणकाचे पान ज्या जागेवर सुरू झाले, तिथे पूर्वी आठवड्यातल्या जत्रा, पालख्या आणि नाटकांची यादी यायची. कुठल्या गावात कुठल्या रात्री कुणाचे नाटक, ते तिथे कळायचे. एक शब्दही न सांगता ती बंद केलीत. आमच्या नाटकाचे निवेदन आपल्या कार्यालयात वेळेत पोचवले होते, युनिकोडमध्ये, रफार तपासून. ते छापून आले जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, ‘आज सादर होणार’ या मथळ्याखाली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सावईवेरे, फोंडा